वारा फुकट, शेअर नाही!

सप्टेंबर २०२४. कासची फुलं बघून झाली, ठोसेघरचा धबधबा झाला आणि आमची गाडी चाळकेवाडीच्या पठारावर येऊन थांबली. धुकं, भुरभुर पाऊस आणि त्यातून मध्येच डोकावणारी पवनचक्क्यांची अवाढव्य पाती... सही माहोल! मी फोटो काढत होते, तेवढ्यात सम्या म्हणाला, "फोटो काय काढतेस, शेअर घे! पवनचक्क्यांचे सुटे भाग बनवणारी एक छोटी कंपनी आहे. डबल होणार बघ!"

सम्या म्हणजे आमच्या ग्रुपचा वॉरेन बफे. सोमवारी सव्वानऊला बाजार उघडला आणि मी ६० हजार टाकून मोकळी! ते पैसे नव्या फ्लॅटच्या डिपॉझिटचे होते, ही गोष्ट मी घरीच काय, स्वतःलाही सांगितली नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये घरमालकांनी डिपॉझिट मागितलं. अॅप उघडलं. ३७ हजार!

फ्रीलान्सरकडे पगाराची एक तारीख नसते, फक्त 'चेक प्रोसेसमध्ये आहे' असतं. त्यामुळे थेट काकांकडे गेले. काका बँकेतून रिटायर झालेत. वाटलं, आता लेक्चर! पण त्यांनी चहा पुढे केला आणि एकच विचारलं, "त्या कंपनीचे एकूण शेअर किती आहेत गं?"

"काका, भाव सांगू शकते..."

"भाव सम्यालाही माहितीये."

मग त्यांनी पेपरच्या कोपऱ्यावर एक हिशेब मांडला. उदाहरण पुण्यातलंच, सुझलॉन. ऑक्टोबर २००५ मध्ये ५१० रुपयांनी बाजारात आलेली कंपनी. जानेवारी २००८ मध्ये एका शेअरचे पाच झाले, तरी भाव साडेचारशेच्या आसपास होता. तेव्हा शेअर होते सुमारे १५० कोटी. म्हणजे अख्ख्या कंपनीची किंमत साधारण ६७ हजार कोटी.

मधल्या काळात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. बेल्जियमची हॅन्सन, जर्मनीची आरईपॉवर अशा मोठ्या खरेद्या, त्यासाठी कर्ज, मग जागतिक मंदी. ऑक्टोबर २०१२ मध्ये परदेशी रोखे फेडता आले नाहीत. २०२० मध्ये शेअर दोन रुपयांच्याही खाली गेला. कंपनी जगली, पण नवे शेअर काढून काढून. २०१५ मध्ये दिलीप संघवींच्या गटाने १८०० कोटी घालून १०० कोटी शेअर घेतले. २०२२ मध्ये राइट्स इश्यूत ५ रुपयांनी २४० कोटी शेअर आले. आज एकूण आकडा १३५० कोटींच्या पुढे आहे.

आता गंमत बघा. सप्टेंबर २०२४ मध्ये भाव ८६ रुपयांवर गेला, तेव्हा कंपनीची किंमत एक लाख कोटींच्या वर होती. २००८ पेक्षा जास्त! पण तेव्हा ४५० ला १०० शेअर घेऊन नुसते सांभाळणाऱ्याच्या ४५ हजारांचे झाले होते ८६०० रुपये. कंपनी परत आली, त्याचे पैसे नाही आले. पिझ्झा मोठा झाला, पण तुकडे नऊपट झाले!

आणि सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांचं दुखणं याहून अवघड. त्यांची गिऱ्हाईकं मोजकीच. एक-दोन मोठ्या कंपन्यांनी ऑर्डर थांबवली की इकडे मशीन थंड. आणि ऑर्डर वाऱ्यावर नाही, सरकारी धोरणावर चालते. एप्रिल २०१२ मध्ये घसाऱ्याची मोठी करसवलत काढली आणि वर्षाला ३२०० मेगावॉटची उभारणी १७०० वर आली. २०१६-१७ मध्ये साडेपाच हजार मेगावॉटचा विक्रम झाला. मग वीजदराचे लिलाव सुरू झाले, २०१७ च्या एका वर्षात बोली युनिटमागे ३.४६ वरून २.४३ रुपयांवर घसरली आणि पुढच्या वर्षी उभारणी दोन हजारांच्याही आत! सातारच्या पठारावर वारा मात्र तसाच वाहत होता.

मी काही सल्लागार नाही. पण घरी जाऊन मी माझ्या कंपनीचा वार्षिक अहवाल पहिल्यांदा उघडला. तीन वर्षांत शेअर दुपटीने वाढले होते. निम्म्याहून जास्त विक्री एकाच गिऱ्हाइकाला. नफा कागदावर झकास, पण येणं बाकी असलेली रक्कम त्याच्या कितीतरी पट. यातलं काहीच लपवलेलं नव्हतं. सगळं छापलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं!

शेअर विकले. ३७ हजार माझे, २३ हजार काकांचे. डिपॉझिट भरलं. काकांना दर महिन्याला २ हजार परत करतेय. ते नको म्हणतात, मी देते.

परवा रात्री सम्याचा मेसेज. "सोलरमधली एक छोटी कंपनी आहे. सॉलिड आहे, घेऊन टाक!"

मी लिहिलं, "एकूण शेअर किती?"

अजून 'टायपिंग...' दिसतंय!