तळपाय कोण बघणार?

मेलानोमा, म्हणजे कातडीचा एक कॅन्सर, हा गोऱ्यांचा आजार, आपल्याला तो होत नाही, असं चांगली शिकलीसवरलेली माणसं मला आजही तोंडावर सांगतात. या अडाणीपणाची किंमत मी दर तीन आठवड्यांनी हातात सुई टोचून घेऊन मोजते आहे.

माझा मेलानोमा टाचेवर उगवला. तिथे ऊन पोचत नाही. तळपाय, तळहात आणि नखांखाली होणाऱ्या या प्रकाराला ॲक्रल मेलानोमा म्हणतात. सावळ्या-काळ्या माणसांना मेलानोमा होतो तेव्हा तो बऱ्याचदा याच जागा धरतो. गायक बॉब मार्लेच्या पायाच्या अंगठ्यावर, नखाखाली, १९७७ मध्ये तो सापडला. आधी फुटबॉल खेळताना लागल्याचं समजून सोडून दिलं होतं. १९८१ च्या मे महिन्यात तो गेला, वय ३६. त्यानंतर इतकी वर्षं लोटली, तरी आपल्याकडे टाचेवरचा काळा डाग दाखवला की ‘कुरूप आहे’ म्हणून कॉर्न कॅप हातात ठेवतात. महिनोन्महिने न भरणारी जखम असली की साखरेवर खापर फोडून मोकळे होतात. माझ्या टाचेवर तर एका डॉक्टरांनी ब्लेड चालवलं आणि निघालेला तुकडा तपासायला न पाठवता कचऱ्यात टाकला. हा गुन्हा आहे. त्याला दुसरं नाव द्यायला मी तयार नाही.

कारण या आजाराचा हिशेब मिलिमीटरचा असतो. गाठ एक मिलिमीटरपेक्षा पातळ असताना सापडली, तर भोवतीची सेंटिमीटरभर कातडी धरून ती काढतात आणि बहुतेक माणसं तेवढ्यावर सुटतात. माझी त्याहून बरीच खोल गेली होती. टाच कापून मांडीची कातडी लावली. मग जांघेत गाठ आली. तिथल्या ग्रंथी काढल्यापासून पायाची सूज कायमची. पुढे पोटरीवर कातडीखाली काळे दाणे उठले. आता फुप्फुस. दरवेळी घरी येणारे विचारतात, “आता झालं ना सगळं?” नाही झालं. होणारही नाही कदाचित. स्कॅन स्वच्छ आला तरी त्याचा अर्थ पुढच्या स्कॅनपर्यंतची मुदत एवढाच असतो, आणि पेढे मागणाऱ्यांना हे ऐकायचंच नसतं.

मला मिळतं ती इम्युनोथेरपी. ज्या संशोधनातून ती आली, त्यासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. शरीराच्या संरक्षक पेशींना आवरून धरणारी यंत्रणा हे औषध सैल करतं. मोकळ्या सुटलेल्या त्या पेशी गाठीवर तुटून पडतात, कधी आतड्यावर, कधी फुप्फुसावरही. माझी थायरॉइड ग्रंथी त्यांनी संपवली. थायरॉइडची गोळी आता जन्माची. तरीही या औषधाबद्दल मी कृतज्ञ आहे, कारण त्याआधीच्या केमोने फार थोड्यांना काही दिलं. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. मेलानोमाच्या मोठ्या चाचण्यांतले बहुसंख्य रुग्ण गोरे होते. त्यांच्या साधारण निम्म्या गाठींत सापडणारा बीआरएएफ जनुकातला बदल, ज्यावर गोळ्या निघाल्या, तो ॲक्रलमध्ये कमी आढळतो. इम्युनोथेरपीही ॲक्रलवर तेवढी चालत नाही. म्हणजे आमचा आजार उशिरा ओळखायचा, त्यावर अभ्यास कमी करायचा आणि औषध मात्र लाखांच्या भावाने विकायचं. वर विमा कंपनी इम्युनोथेरपीला वेगळी मर्यादा घालते, ती संपली की घर विका. माझ्या शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी शेत विकलं, आणि पैसे संपल्यावर त्या यायच्या थांबल्या.

स्त्रियांचे स्तन, तोंड, गर्भाशयमुख तपासायला सरकार कार्यक्रम आखतं, ते हवंच. मधुमेह्यांचे पायही तपासा म्हणून सांगतात. मग त्याच वेळी तळपायावर नवा, वाढत चाललेला काळा डाग आहे का, हे बघायला जास्तीचा पैसा लागत नाही. नखातली प्रत्येक काळी रेघ कॅन्सरची नसते, पण ती रुंद होत गेली किंवा काळेपणा नखाबाहेरच्या कातडीवर उतरला, तर बायोप्सीच हवी, मलम नको.

डॉक्टर, पेशंटला चप्पल काढायला सांगा. आणि त्याच्या पायाचं काही कापलंत, तर तो तुकडा तपासायला पाठवा.