गाडीला शिकवलेली घाई

आमच्या गाडीत मी केलेला पहिला बदल म्हणजे तिची पाटी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या एका डॉक्टरांकडून ती घेतली तेव्हा ती 'एमएच ०९' होती. मग तिकडची एनओसी, इकडचा आजीव कर, चेसिस नंबरचे पेन्सिलने घासून घेतलेले ठसे, असे सगळे सोपस्कार होऊन ती 'केए २२' झाली. नवी पाटी बसली त्या संध्याकाळी कोल्हापूरच्या मावसभावाचा फोन आला. "काय रे, तिलाही कर्नाटकात ढकललीस?" मी म्हटलं, "आपण तरी कुठे स्वतःहून गेलो होतो?" दोघेही हसलो. सीमाभागात हसण्याची ही एक रीतच आहे.

गाडी म्हणजे बलेनो आरएस. मंडळी, बलेनो आपल्याकडे गल्लोगल्ली आहे, त्यामुळे शेवटची ती दोन अक्षरं कुणाच्या लक्षात येत नाहीत. घरीही मी फक्त 'बलेनो' एवढंच सांगितलं होतं. आमच्या सौ.ना डिकी मोठी हवी होती, ती होती. मागे तिघं ऐसपैस बसायला हवे होते, बसले. त्यांची खात्री झाली आणि विषय संपला. पण या आरएसच्या बॉनेटखाली साध्या बलेनोचं बाराशे सीसीचं इंजिन नव्हतं. ९९८ सीसीचं, तीन सिलिंडरचं, म्हणजे त्याहून लहान इंजिन होतं आणि त्याला टर्बो होता. साध्या बलेनोची ताकद चौऱ्याऐंशी अश्वशक्तीच्या आसपास, हिची एकशे दोन. मार्च २०१७ मध्ये ही गाडी बाजारात आली आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-६ चे नियम लागू होण्याआधी बंदही झाली. फार कुणी घेतली नाही. शिकलेल्या, शांत स्वभावाच्या माणसाच्या मनात एक वात्रट मुलगा दडलेला असतो ना, तशी ही गाडी.

टर्बो म्हणजे काय, हे मी अर्थशास्त्राचा मास्तर असल्यामुळे माझ्या पद्धतीने सांगतो. लोहाराचा भाता आठवा. कोळसा तोच, पण वारा जास्त घातला की जाळ भडकतो. इंजिनातही जास्त हवा कोंबली की जास्त पेट्रोल जाळता येतं. ती हवा कोंबायला ताकद कुठून आणायची? तर सायलेन्सरमधून वाया जाणारा गरम धूर एका छोट्या पंख्यावर सोडायचा. तो पंखा फिरला की त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून आत पाठवतो. टाकाऊतून टिकाऊ! हा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतो आणि त्याचा दांडा तेलाच्या एका पातळशा थरावर तरंगत असतो. ही तेलाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक गंमत म्हणजे इंजिनाच्या सतराशे फेऱ्यांच्या खाली हा टर्बो झोपलेला असतो. टिळकवाडीच्या रेल्वे गेटपाशी रांगेत सरकताना गाडी अगदी मवाळ. पण गोव्याच्या रस्त्यावर जांबोटी सोडून तिसऱ्या गिअरमध्ये जरा पाय दाबला, की मागून कुणीतरी तळहाताने ढकलल्यासारखं होतं. त्या ढकलण्याची चटक लागते. मला लागली.

वर्गात मी दरवर्षी घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत शिकवतो. पहिल्या वाटीभर कुंद्याने जो आनंद होतो तो चौथ्या वाटीने होत नाही. गाडीत फेरबदल करणाऱ्या माणसाला हा सिद्धांत लागू होत नाही, असं आता मी अनुभवाने सांगू शकतो. इथे चौथी वाटी पहिलीपेक्षा गोड लागते.

आधी टायर. तीच १९५/५५ आर १६ ची मापं, पण पावसात जास्त पकड असलेले. माप बदललं की वेगाचा काटा खोटं बोलू लागतो, म्हणून माप बदललं नाही. यात कुणाला आक्षेप असण्याचं कारण नव्हतं, आणि आजही टायरवर घातलेला पैसा मला सत्कारणी वाटतो. मग पुढचे ब्रेक पॅड. या गाडीला मागच्या चाकांनाही डिस्क आहेत, तेव्हा पुढे चांगले पॅड घातल्यावर ती फार छान थांबू लागली. मग कापसाचा एअर फिल्टर. याने ताकद किती वाढली ते देव जाणे. पण अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की टर्बोचा 'फुस्स' असा आवाज ऐकू येऊ लागला. सौ. म्हणाल्या, "घरात कुकर आहे तेवढा पुरे नव्हता?"

इथवर सगळं घरच्यांना माहीत होतं.

मार्च २०२२ मध्ये महागाई भत्त्याचा फरक जमा झाला आणि मी एक डबी मागवली. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी. हिला ट्यूनिंग बॉक्स म्हणतात. इंजिनाचा संगणक एका सेन्सरकडून विचारून घेतो, की बाबा रे, आत हवेचा दाब किती झालाय? ही डबी त्या दोघांच्या मध्ये बसते आणि खरा आकडा दाबून कमी आकडा पुढे पाठवते. संगणकाला वाटतं, दाब कमी पडतोय. तो टर्बोला आणखी हवा कोंबायला लावतो. बस्स! रविवारी दुपारी सगळे झोपले असताना मी ती अर्ध्या तासात बसवली. कोणाला सांगितलं नाही.

न सांगण्याला कारणं होती आणि ती मला ठाऊक होती. कंपनीने दिलेल्या स्वरूपात असा फेरबदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मना करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली आहे. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येतो. क्लचही लवकर झिजतो. मुलांना 'नियम आणि नागरिक' या विषयावर निबंध लिहायला लावणारा माणूस मी! पण अनमोडच्या चढावर गाडी अशी काही सुसाट निघायची की हे सगळं मागे राहायचं. गाडीत एकटा असलो की मी पाय दाबायचो. घरचे असले की मवाळ.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये सीमाप्रश्नावरून पुन्हा तापलं. इकडे महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, तिकडे पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं गेलं. कोल्हापूरला एक लग्न होतं. ज्या पाटीवरून मावसभावाने थट्टा केली होती, त्याच पाटीमुळे गाडी घरी ठेवली. हीच गाडी जुन्या पाटीनिशी इथे उभी असती तरी तेवढीच काळजी वाटली असती. माझे सासरे त्या दिवशी धारवाडहून फोनवर फक्त एवढंच म्हणाले, "बस फोडणाऱ्याला बस पुसायला लावली पाहिजे, सर."

सासऱ्यांबद्दल सांगायलाच हवं. धारवाडचे. परिवहन महामंडळात एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले. धारवाड–बेळगाव–कोल्हापूर हा त्यांचा बरीच वर्षं ठरलेला रूट. एकही अपघात नाही. घरात कन्नड, पण कोल्हापूरच्या स्टँडवर शिकलेलं मराठी फर्डं. मला ते 'सर' म्हणतात आणि मी त्यांना 'मावा' म्हणतो, कन्नडमधल्या रीतीप्रमाणे. आमच्या लग्नात माझ्या पुण्याच्या आत्याने "हा मावा मावा काय मागतोय?" असं विचारलं होतं, ते अजून घरात चालतं.

पहिल्यांदा त्यांनी या गाडीचं बॉनेट उघडलं तेव्हा दोन सेकंदांत टर्बोवर बोट ठेवलं. त्यांच्या शेवटच्या वर्षांतल्या बसना टर्बो होते. म्हणाले, "घाट चढून आलात की लगेच बंद करायची नाही. ओंद निमिष तडीरी." एक मिनिट थांबायचं. इंजिन बंद झालं की तेल फिरायचं थांबतं, पण तापलेला पंखा आतल्या तेलाला करपवतो. तव्यावर विसरलेल्या तेलासारखं. आताच्या टर्बोंना पाण्यानेही गारवा देतात, त्यामुळे भाजी घेऊन आल्यावर थांबायची गरज नसते. मावांना हा फरक मान्य नाही. ते भाजी आणल्यावरही मिनिट मोजतात.

जुलै २०२३. म्हापशाला मेहुणीकडे बारसं होतं. परतताना चिरंजीव म्हणाले, मी चालवतो. त्यांना लायसन मिळून पाच महिने झाले होते. पुढे त्यांच्या शेजारी अज्जा, मागे आम्ही दोघं. साखळी सोडली, चोर्ल्याचा चढ सुरू झाला. पाऊस भुरभुरत होता. पुढे एक चिऱ्यांनी भरलेला ट्रक. एका वळणानंतर रस्ता जरा सरळ झाला, समोर कोणी नव्हतं. पोराने इंडिकेटर दिला, तिसरा गिअर होता, आणि पाय दाबला.

मुलाला माहीत असलेली गाडी वेगळी होती. तो शिकला तेव्हा गावात, संथ. मी शेजारी असल्यावर तर जास्तच संथ. त्या पायाखाली किती ताकद आहे हे गाडीत एकट्या मलाच माहीत होतं. दोन हजार फेऱ्यांवर ती डबी जागी झाली, पुढची चाकं ओल्या रस्त्यावर गरकन फिरली, स्टिअरिंगला हिसका बसला आणि गाडीचं नाक ट्रकच्या मागच्या चाकाकडे वळलं. ते चाक माझ्या खिडकीतून मला पूर्ण दिसत होतं. त्यावरचा चिखलही दिसत होता. सौ.नी माझा दंड धरला, पण आवाज काढला नाही.

"कालु तगी," अज्जा म्हणाले. पाय काढ. आवाज अगदी नेहमीचा. "ब्रेक ब्याड. सीदा हिडी." पोराने पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरलं. टायरनी पकड घेतली, ट्रक पुढे गेला. "हं. ईग सैडिगे हच्च, तम्मा."

रुंद जागा बघून त्याने गाडी कडेला घेतली. त्याचे हात थरथरत होते. बटण दाबून इंजिन बंद करायला हात गेला, तर अज्जांनी त्याचं मनगट धरलं. "बंद माडब्याड. ओंद निमिष तडी." आणि ते मिनिट आम्ही चौघंही काही न बोलता बसलो. वायपर फिरत होते. एवढं लांब मिनिट मी परीक्षेच्या हॉलमध्येही पाहिलेलं नाही.

मग पोरगा म्हणाला, "सॉरी बाबा, माझी चूक झाली."

तेव्हा मला बोलावं लागलं.

कणकुंबीला चहाच्या टपरीवर गाडी लावली. इंजिन निवेपर्यंत मी सगळं सांगितलं. डबी काय, ती कुठे बसते, कधीपासून. सौ. माझ्याकडे न बघता चहा पीत होत्या. "वर्ष होऊन गेलं," त्या शेवटी म्हणाल्या, "आणि याला चालवायला दिलीत?" याला उत्तर नव्हतं. आजही नाही. ताकद वाढवल्याचं मला तेवढं वाईट वाटत नाही, पण किल्ली हातात देताना मी गप्प बसलो, ते गप्प बसणं मला अजून झोपेत आठवतं.

मावांनी डबीचं काम पुन्हा एकदा समजावून घेतलं. सेन्सर, संगणक, खोटा आकडा. थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे सर, आत साठ माणसं असताना कंडक्टरने चाळीस म्हणून सांगायचं. आणि ड्रायव्हरने आणखी भरायची."

"हो."

"यारिग गडबडी ऐत्री?" घाई कुणाला आहे?

बॉनेट उघडून मी डबी काढली. वायर होती तशी जोडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. चिरंजीवांनी छत्री धरली होती. अज्जांनी ती डबी हातात घेऊन वजन बघितलं, मला परत दिली. विकून टाका असंही म्हणाले नाहीत. ती आता माझ्या कपाटात जुन्या पंचांगांच्या खाली आहे. विकायची तर दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत जाणार, म्हणून विकलेली नाही.

त्यानंतर गाडीत एकच बदल झाला. मावांचे गुडघे आता वळत नाहीत आणि ही गाडी बसायला खालची. उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून सीटवर ठेवायला पत्र्याची उतरती चौकट करून घेतली, तिच्यावर शहापुरात गादी शिवून घेतली. सीट दोन इंच वर आली. आधाराला धरून ते उठतात तेव्हा 'फस्ट क्लास' म्हणतात. एवढी दाद त्या डबीला कुणी दिली नव्हती. अर्थात, ती लपवलेलीच होती म्हणा.

चिरंजीव आता चांगली चालवतात. ओव्हरटेक करताना जरा जास्तच थांबतात, मागचे हॉर्न मारतात. मी काही बोलत नाही. घरी आल्यावर फाटकासमोर गाडी उभी करून ते इंजिन चालूच ठेवतात आणि आत बसून राहतात. परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, "कुणाची वाट बघूलालास रे?" तो काच खाली करून म्हणाला, "कुणाची नाही काकू. भाजी घेऊन आलोय."