पदवी हाती, पण हाताला काम?

दहावी-बारावीचे निकाल लागले की मध्यमवर्गीय घरांत एकच चर्चा सुरू होते : मुलाला प्रवेश कुठे मिळणार? तो कोणते काम शिकणार, हे मात्र क्वचितच विचारले जाते. बी.ए., बी.कॉम.ला नाव घातले की पालक निर्धास्त होतात. हा निर्धास्तपणा कितपत खरा आहे?

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सहभागाने २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतविषयक रोजगार अहवालानुसार, २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतील बेरोजगारी २९.१ टक्के होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ती ३.४ टक्के. यावरून शिक्षण निरुपयोगी ठरते, असे कोणी समजू नये. गरिबाला रिकामे बसणे परवडत नाही, मिळेल ते काम तो पत्करतो. नोकरी लागली तर पदवीधराचे वेतन सरासरीने अधिकच असते. मात्र पदवी ही नोकरीची हमी राहिलेली नाही, हे मान्य करावेच लागेल.

दुसरी वाटही आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दहावीनंतर फिटर वा इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. वर्गमित्र बारावीची परीक्षा देतो, त्या वयात हा मुलगा हुनर शिकून बाहेर पडतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये पुढे कारखान्यात विद्यावेतन घेत अनुभवही मिळवता येतो. अर्थात ही वाटही निष्कंटक नाही. कित्येक ठिकाणी यंत्रे जुनी आहेत आणि सुरुवातीची नोकरी बहुधा कंत्राटी असते.

तरीही खरी अडचण आपल्या मनात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात चित्रकला शिकत होते. रंगांधत्वामुळे ती सोडून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले. १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान निघाले. पुढे लोखंडी नांगर आला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांचे चरित्र आपण मुलांना कौतुकाने सांगतो. पण आपलाच मुलगा गॅरेज काढतो म्हणाला, तर 'लोक काय म्हणतील' हा पहिला प्रश्न येतो. श्रमप्रतिष्ठेवरील व्याख्यानाला टाळ्या वाजवायच्या आणि मुलीसाठी स्थळ पाहताना कुशल वेल्डरपेक्षा बेकार पदवीधर पसंत करायचा, ही विसंगती किती दिवस चालवायची?

ज्याचा ओढा अभ्यासाकडे आहे, त्याने पदवी अवश्य घ्यावी; सोबत एखादे कसबही शिकावे. ज्याचे हात यंत्रात रमतात, त्याला केवळ प्रतिष्ठेपायी तीन वर्षे बाकावर बसवू नये. वस्तीवस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी येत्या सुट्टीत दहावीची मुले आणि त्यांचे पालक यांना जवळचा एखादा कारखाना दाखवावा. निर्णय त्यानंतर घेतला, तर तो डोळसपणे घेतलेला असेल.