बिनतारी मोटार आणि आमचा मुरूम

हल्लीं आमच्या विद्यार्थ्यांत बिनतारी लहरींनीं दुरून चालविण्याच्या छोट्या मोटारगाड्यांचा नाद बराच वाढला आहे. या नादास आमचा विरोध नाहीं. उलट तो वाढावा असेंच आम्हांस वाटतें. परंतु त्यापायीं पालकांचा जो पैसा वायां जातो आणि मुलांच्या पदरीं जी निराशा येते, तिजविषयीं चार शब्द स्पष्टपणें लिहिणें अवश्य झालें आहे.

गेल्या हिवाळ्यांत एका विद्यार्थ्यानें आपली एकदशांश आकाराची बग्गी सातारा डोंगराच्या पायथ्याशीं सुट्या मुरमावर नेली. घरच्या फरशीवर बाणासारखी सुटणारी ती गाडी तेथें पहिल्याच वळणावर उलटली. सरळ केली, तों मागचीं चाकें जागच्या जागीं फिरून खळगा करूं लागलीं. वडिलांनीं तत्काळ अधिक शक्तीची मोटर आणून दिली. तेव्हां खळगा अधिक लवकर पडूं लागला! महिन्याभरानें गाडी माळ्यावर गेली, आणि "तुला कांहीं जमत नाहीं" हें वाक्य त्या मुलास ऐकावें लागलें. आमच्या मतें दोष मुलाचाहि नव्हता व मोटरीचाहि नव्हता. गाडी जमिनीस जुळवून घेतलेली नव्हती, इतकेंच.

मलिक अंबरानें १६१० सालीं हें नगर वसविलें, तेव्हां त्याचें नांव खडकी होतें. खालीं काळा पाषाण, वर सुटा मुरूम, ही आमची भूमि. अशा जागीं शक्ति कमी पडत नाहीं, पकड कमी पडते. म्हणून पहिला खर्च टायरांवर करावा. उंच व विरळ दांत्यांचे टायर सुट्या थरांतून खालच्या घट्ट थरापर्यंत रुततात. आंखूड दांत्यांचे वरच्यावर घसरतात.

त्यानंतर शॉक. स्प्रिंग नरम व शॉकमधील तेल पातळ असेल, तर चाक प्रत्येक खड्याबरोबर वरखालीं होऊन जमिनीस धरून राहतें. तेंच ताठ असेल तर गाडी टणाटणा उडते, आणि हवेंतल्या चाकास पकड ती कसली? मात्र फार नरम केल्यास उडीनंतर गाडीचें पोट आपटतें. येथें आपल्या हवेचाहि विचार हवा. हें सिलिकॉन तेल उष्णतेनें पातळ होतें. पौषांतल्या सकाळीं जें बरोबर वाटलें, तें वैशाखाच्या दुपारीं कमी पडतें. उन्हाळ्यांत किंचित् घट्ट तेल भरावें. पोटाची उंची दगड चुकविण्यापुरतीच वाढवावी, कारण उंच गाडी उलटावयास टेकलेली असते.

डिफरन्शिअलमध्यें पातळ तेल असल्यास जें चाक सुट्या मातींत असेल तेंच भरभर फिरतें आणि दुसरें स्वस्थ बसतें. तेल घट्ट केलें कीं दोन्हीं ओढूं लागतात. फार घट्ट केलें तर गाडी वळावयास कुरकुरते. या सर्वांत एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि ती वहींत लिहावी. तीन गोष्टी एकदम बदलणारा मुलगा गाडी सुधारली तरी कां सुधारली हें सांगूं शकत नाहीं.

कांहीं पालक विचारतात, हें काम दुकानदाराकडून कां करून घेऊं नये? खुशाल घ्यावें, पण मग दुकानदार शिकेल. निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें बिनतारी लहरींनीं छोटी नौका चालवून दाखविली, तेव्हां तें मोठें नवल होतें. आज ती विद्या पेटींत तयार मिळते. टायर आणि मुरूम यांमधील घर्षण मात्र कोणी पेटींत घालून देत नाहीं. फळ्यावर आम्ही तें शिकवितों, परंतु तें कळतें गुडघे मळल्यावर. एक गोष्ट तेवढी पालकांनींच पाहावी: लिथियमची बॅटरी मुलास एकट्यानें भारूं देऊं नये, व फुगलेली बॅटरी पुन्हां जोडूं नये.

ती माळ्यावरची बग्गी आतां खालीं आली आहे. जुनीच मोटर, नवे टायर, आणि एक शंभर पानी वही. तिसऱ्या वळणावर तिचा मागचा भाग अजून घसरतो. मागच्या स्प्रिंग आणखी नरम कराव्या असें त्या मुलाचें म्हणणें. आम्हांस पुढचें तेल घट्ट करावेंसें वाटतें. येत्या शनिवारीं प्रथम त्याचें म्हणणें करून पाहावयाचें ठरलें आहे.