थंडी, लेन्स आणि मर्यादा



पौष महिन्यात वेरूळला दर्शनास गेलेल्यांना तेथील पहाटेची थंडी ठाऊक आहे. एकूण ३४ लेण्यांपैकी क्रमांक ३० ते ३४ ही आपली जैन लेणी उत्तरेच्या टोकाला आहेत. त्यांच्याही वर डोंगरावर भगवान पार्श्वनाथांची सुमारे सोळा फूट उंचीची, इसवी सन १२३४ च्या सुमाराची मूर्ती विराजमान आहे. तिच्या दर्शनासाठी पायऱ्या चढू लागले की कोरडा वारा थेट चेहऱ्यावर येतो. गेल्या जानेवारीत याच पायऱ्यांवर माझ्या पुतणीच्या डोळ्याला जे झाले, ते तिच्या अनुमतीने येथे सांगत आहे.

मुलगी पंचविशीची, दुकानाचा संगणकावरील हिशेब सांभाळणारी. चष्म्याचा नंबर उणे साडेचार. कॉलेजपासून कॉन्टॅक्ट लेन्स वापरते. आम्ही आदल्या संध्याकाळी मुक्कामाला गेलो होतो. पहाटे गारठलेल्या बोटांनी लेन्स बसवणे अवघड जाईल, म्हणून ती रात्री लेन्स न काढताच झोपली. सकाळी डावी लेन्स डोळ्याला चिकटलेली. ती कशीबशी काढून तिने गाळलेल्या कोमट पाण्याने धुतली आणि पुन्हा घातली. दर्शन घेऊन खाली उतरेपर्यंत डोळा लाल झाला, उजेड सहन होईना. दुपारीच संभाजीनगरला नेत्रतज्ज्ञांकडे नेले. बुबुळावर लहानशी जखम होऊन जंतुसंसर्ग सुरू झाला होता. पहिले दोन दिवस रात्रीदेखील तासातासाला औषधाचे थेंब घालावे लागले. दृष्टी वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस अंगावर काढले असते, तर बुबुळावर कायमचा डाग राहिला असता.

थंडीत लेन्स का त्रास देते, हे मी त्यानंतर समजून घेतले. डोळ्यात लेन्स गोठते ही भीती निराधार आहे. डोळ्याला शरीराची ऊब असते. खरा प्रश्न कोरडेपणाचा आहे. थंड हवेत बाष्प कमी मावते. तीच हवा गाडीतील हीटरने तापवली की ती अधिकच तहानलेली होते आणि डोळ्यावरील अश्रूंचा थर शोषून घेते. दुचाकीवरचा वारा तेच काम करतो. मऊ लेन्स तर पाणी धरून ठेवणारे प्लास्टिक. चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तर्ले यांनी १९६१ च्या नाताळात, मुलांच्या जोडखेळण्याच्या भागांपासून घरीच यंत्र बनवून, ती तयार केली. तिच्या मूळ प्रकारात सुमारे ३८ टक्के पाणीच असते. हे पाणी उडू लागले की लेन्स आक्रसते, टोचते आणि रात्रभर ठेवली तर चिकटते. शिवाय बुबुळाच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याला प्राणवायू हवेतून, अश्रूंवाटे मिळतो. मिटलेल्या पापणीखाली लेन्सही असली की तो पुरवठा आणखी घटतो.

म्हणून थंडीत काही पथ्ये पाळावीत. हात साबणाने धुऊन, धागे न सोडणाऱ्या रुमालाने पूर्ण कोरडे करावेत. लेन्स आधी बसवावी. खोबरेल तेल किंवा कोल्ड क्रीम नंतर लावावे, अन्यथा तेलकट थर लेन्सवर बसतो. हातमोजे व मफलरचे लोकरी तंतू बोटाला चिकटलेले नाहीत ना, ते पाहावे. गाडीतील हीटरचा झोत पायांकडे वळवावा. दुचाकीवर हेल्मेटची काच खाली असावी. शेकोटीच्या धुरापासून दूर बसावे. पापणी आपण मिनिटाला सुमारे पंधरा वेळा मिटतो. संगणकापुढे, किंवा इंद्रसभेच्या छतावरील रंगांचे अवशेष निरखताना, हे प्रमाण बरेच घटते. तेव्हा मुद्दाम डोळे मिटावेत. कोरडेपणा वाटल्यास डॉक्टरांनी सांगितलेले, लेन्सवर चालणारे कृत्रिम अश्रूंचे थेंब घालावेत, गुलाबपाणी नव्हे.

आता आपल्या घरांना विशेष लागू असलेला मुद्दा. पाणी गाळून वापरणे हा आपला धर्माचार आहे, आणि त्यामुळेच माझ्या पुतणीला ते पाणी निर्धोक वाटले. परंतु गाळण्याने सूक्ष्म जंतू जात नाहीत. अकँथामिबा नावाचा एकपेशी जीव साध्या नळाच्या पाण्यातही असू शकतो आणि लेन्ससोबत डोळ्यात शिरल्यास अत्यंत चिवट आजार करतो. उकळून ठेवलेले पाणीही लेन्ससाठी नाही. जे पिण्यास योग्य, ते लेन्सला योग्य असतेच असे नाही. लेन्स आणि तिची डबी धुण्यास सोल्युशनच वापरावे. स्नानापूर्वी लेन्स काढावी.

मर्यादा ही कल्पना तर आपल्याला नव्याने शिकवायला नको. व्रती घरात दळलेल्या पिठाला हिवाळ्यात सात, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवसांची मर्यादा असते. ती उलटल्यावर पीठ चांगले दिसते म्हणून कोणी वापरत नाही. लेन्सचेही तसेच. डबीतील सोल्युशन रोज टाकून नवे घ्यावे. जुन्यात भर घालू नये. उघडलेल्या बाटलीची मुदत तिच्यावर छापलेली असते, बहुधा तीन महिन्यांची. धनादेशाची मुदतही २०१२ पासून तीन महिन्यांचीच आहे. मुदतबाह्य धनादेश बँक परत करते. मुदतबाह्य सोल्युशन मात्र डोळा मुकाट्याने स्वीकारतो आणि नंतर व्याजासह वसूल करतो. महिन्याची लेन्स महिन्यालाच टाकावी. चार दिवस घातली नाही म्हणून ती चार दिवस अधिक टिकत नाही. आणि डोळा लाल झाला, दुखला किंवा उजेड खुपू लागला, तर लेन्स तत्काळ काढून, डबीसह, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

एक गोष्ट सांगायची राहिली. दवाखान्यातून परतताना मी तिला रागावून विचारले, "बॅगेत चष्मा होता ना? मग सकाळी तोच का नाही लावलास?" ती खाली बघत म्हणाली, "काका, पाहुणे येणार आहेत, चष्मा नको, असं तुम्हीच आदल्या दिवशी म्हणाला होतात."

तेव्हा मला उत्तर सुचले नाही. एका स्थळाकडील मंडळी त्या दिवशी वेरूळला भेटणार होती, आणि मी ते वाक्य सहज बोलून गेलो होतो. आपल्या किती घरांत मुलींच्या परिचयपत्रातून चष्म्याचा नंबर गाळला जातो, हे मी वेगळे सांगायला नको. मालातील उणीव लपवून सौदा करणारा व्यापारी आपल्याला चालत नाही. चष्मा ही तर उणीवही नव्हे. ईर्या समिती आपल्याला पाहून पाऊल टाकायला शिकवते. त्यासाठी शाबूत डोळे हवेत, ते चष्म्यामागे असले तरी चालतील.

ते स्थळ जुळले की नाही, हा या सदराचा विषय नाही. पुढच्या भेटीला ती चष्मा लावून गेली, आणि परिचयपत्रात नंबर मी स्वतःच्या हाताने लिहिला, एवढे नमूद करून थांबतो.