पाण्याची वही उघडी असावी

आमच्या मीरा-भाईंदरच्या उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि मधून मधून मिठागरें. पाणी दृष्टीस पुष्कळ पडतें. परंतु तें मीठ पिकविण्याच्या उपयोगाचें, तहान भागविण्याच्या नव्हे. आमच्या नळांस येणारें गोडें पाणी परगांवचें आहे. शहाड-टेमघर योजनेचें पाणी उल्हास नदींतून उचललें जातें. औद्योगिक विकास महामंडळाच्या पाण्याचा आधार बारवी धरण आहे. एवढ्यानेंहि भागेना, म्हणून पालघर जिल्ह्यांतील सूर्या नदीवरून नवी योजना आंखण्यांत आली. तिच्या दररोजच्या ४०३ दशलक्ष लिटरांपैकीं २१८ दशलक्ष लिटर आमच्या शहरासाठीं व १८५ वसई-विरारसाठीं नेमलेले आहेत.

हे आंकडे वाचून संतोष वाटणें साहजिक आहे. परंतु सूर्येचे कालवे डहाणू, पालघर व विक्रमगड या तालुक्यांतील शेतीसाठीं काढलेले आहेत. पाणी शहरांकडे वळविण्यास तेथील शेतकऱ्यांनीं व आदिवासी बांधवांनीं विरोध केला, त्याच्या मुळाशीं आपल्या शेतास पाणी उरेल कीं नाहीं, ही चिंता होती. ती चिंता आम्हीं पोकळ समजूं नये.

उत्पत्तीच्या पुस्तकांत इसहाकाच्या विहिरींची कथा आहे. पहिल्या दोन विहिरींवरून गरारच्या गुराख्यांशीं तंटा झाला; तिसरीवर कोणी भांडलें नाहीं, म्हणून तिला त्यानें रहोबोथ हें नांव दिलें. इसहाकास पुढें सरकण्यास मोकळी भूमि होती. आम्ही उल्हासेवरून सूर्येकडे वळलों. आतां ज्या नदीकडे जावें तेथें तहानलेला शेजारी आधींच उभा आहे. आमचें रहोबोथ आम्हांस चोख हिशेबांतच शोधलें पाहिजे.

असा हिशेब ठेवण्याचीं साधनें आज आपणांपाशीं आहेत. महाराष्ट्रानें २००५ सालीं कायदा करून जलसंपत्ति नियमन प्राधिकरण स्थापिलें व पाण्याचा हक्क मापानें ठरविण्याचें तत्त्व स्वीकारलें. कृष्णा व भीमा या नद्यांच्या खोऱ्यांत पाऊस व नदीची पातळी मोजणारीं स्वयंचलित यंत्रें बसविण्यांत आलीं. त्यांचे आंकडे पुण्याच्या केंद्रांतील संगणकांस पोंचतात, व त्यांवरून धरणांत किती पाणी येईल याचा अंदाज बांधतां येतो. २०१९ च्या महापुरानें सांगली-कोल्हापूरची दैना केली. त्यानंतर २०२१ च्या जूनमध्यें महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या मंत्र्यांनीं एकत्र बसून पुराचे आंकडे परस्परांस वेळेवर कळविण्याचा विचार केला. दोन राज्यें जें करूं पाहतात, तें दोन तालुक्यांस अशक्य कां असावें?

कोणी म्हणतील, आंकडे उघड केले तर तंटे वाढतील. आमचें मत याच्या उलट आहे. धुळें जिल्ह्यांत पांझरा नदीच्या बंधाऱ्यांवर फडपद्धति पिढ्यान्‌पिढ्या चालली. पाटकरी पाणी फिरवी, पंच लक्ष ठेवीत, आणि कोणत्या फडास केव्हां पाणी मिळणार हें साऱ्या गांवास ठाऊक असे. हिशेब सर्वांच्या डोळ्यांदेखत होता, म्हणूनच तो मानला जात असे. संशय वाढतो तो झांकलेल्या वहीमुळें.

मात्र यंत्रापासून न्यायाची अपेक्षा करणें व्यर्थ आहे. गाळानें बुजलेलें मापक खोटें बोलतें, आणि संगणक तोच खोटा आंकडा पुढें धाडतो. शिवाय शेतीस किती, शहरास किती व कारखान्यांस किती, हें राज्याचें मंत्रिमंडळ ठरवितें, संगणक नव्हे. म्हणून आमचें मागणें साधें आहे. धरणांतून किती पाणी सुटलें, कालव्यास किती गेलें, शहराच्या जलकुंभांत किती पोंचलें व वाटेंत किती गळालें, हे चार आंकडे सोप्या मराठींत दर आठवड्यास प्रसिद्ध व्हावेत. आणि ते भाईंदरच्या गृहिणीस व विक्रमगडच्या शेतकऱ्यास एकाच दिवशीं, एकाच कागदावर वाचावयास मिळावेत.

विद्यार्थिमित्रहो, या कामांत तुमचाहि वांटा आहे. आपल्या इमारतीचें जलमापक कोठें आहे तें शोधा; महिनाभर रोज त्याचा आंकडा वहींत टिपा; माणशीं किती लिटर पडतात याचें त्रैराशिक मांडा, आणि तें घरीं वडील मंडळींस दाखवा. वरच्या मजल्यावरील टांकी भरून वाहत असतां आम्हीं सूर्येच्या शेतकऱ्याकडे अधिक पाणी मागावें, हें आम्हांस शोभणार नाहीं. जो आपला हिशेब देतो, त्यासच दुसऱ्याचा हिशेब विचारण्याचा अधिकार पोंचतो.