डेव्हलपरची भरपाई

घरच्या डार्करूममध्ये रोल धुऊन झाला, की उरलेल्या डेव्हलपरचं काय करायचं? कुणी तो मोरीत ओतून देतं. कुणी तोच पुन्हा पुन्हा वापरतं आणि पुढच्या रोलचे फोटो फिके आले, की कॅमेऱ्याला बोल लावतं!

फिल्मवर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक कण असतात. ज्या कणांवर उजेड पडला, त्यांची डेव्हलपर चांदी करतो. (ही चांदी चमकत नाही हं, काळी दिसते.) या कामात त्याची ताकद खर्च होते. शिवाय कणांतलं ब्रोमाइड सुटून त्यात मिसळतं आणि पुढच्या कामाला ब्रेक लावतं.

मग दर रोलमागे थोडा ताजा डेव्हलपर घालायचा. कोडॅक कंपनीने १९९६ साली आणलेला एक्सटॉल यासाठी सोपा. त्यात क जीवनसत्त्वाचा एक भाऊबंद असतो. ३६ फोटोंच्या एका रोलमागे ७० मिलिलिटर ताजा एक्सटॉल पुरतो.

समजा, कामाची बाटली एक लिटरची आहे. रोल धुऊन झाला, की बाटलीत आधी ७० मिलिलिटर ताजा घाला. मग टाकीतला वापरलेला डेव्हलपर काठोकाठ ओता. उरेल तो टाकून द्या. हा क्रम उलटा केलात, तर ताज्याला जागाच उरणार नाही! काठोकाठ का? हवेने डेव्हलपर खराब होतो म्हणून. काही रोलांनंतर ब्रोमाइडचं प्रमाण स्थिरावतं. मात्र ताज्यापेक्षा वेळ थोडा जास्त द्यावा लागतो. विरजणासारखंच वाटतं ना? पण विरजण आपोआप वाढतं, इथे मोजूनच घालावं लागतं. म्हणून प्रत्येक रोलची तारीख बाटलीवर लिहा.

हे काम मोठ्यांच्या सोबतीने, हातमोजे घालूनच करायचं. सरबताची बाटली यासाठी मुळीच घेऊ नका. तहानलेला माणूस चिठ्ठी वाचत बसत नाही.

आणखी एक. एक्सटॉल निकामी झाला तरी पुष्कळदा पाण्यासारखा स्वच्छ दिसतो. ताईच्या लग्नाचा रोल काही पुन्हा काढता येणार नाही! म्हणून फिल्मचं उजेड लागलेलं टोक कापून आधी त्यात बुडवा. काही मिनिटांत कुळकुळीत काळं झालं, तर खुशाल रोल धुवा. राखाडीच राहिलं, तर बाटली रिकामी करून नवा डेव्हलपर बनवा. रोल तोवर डबीतच राहू द्या, आठवडाभर थांबल्याने त्याचं काही बिघडत नाही.